दोन याद्या आणि एक पेपर

पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, इंडियन एक्स्प्रेस असतोच, आणि त्यातलं एक्स्प्लेन्डचं, म्हणजे बातम्यांमागचा विषय समजावून सांगणारं, पान कुणीतरी सकाळीच फोटो काढून ग्रुपवर टाकलेलं असतं. त्यानंतर नंबर संपादकीय पानाचा. पहिल्या पानावर कधीकधी शोधपत्रकारितेची मोठी स्टोरी असते ती मात्र पोरं बाजूला ठेवतात, कारण ती लांबलचक असते, आतल्या पानावर पुढे जाते, तिच्यात कंपन्यांची नावं आणि तारखा आणि जमिनींचे व्यवहार असतात, आणि मुख्य म्हणजे परीक्षेत येत नाही. मी पण एकेकाळी त्या पोरांमधलाच. एमपीएससी-यूपीएससीच्या नादात काही वर्षं घातली आणि तेव्हा हुसैनआरा खातून, खत्री विरुद्ध बिहार राज्य, अंतुले विरुद्ध नायक ही कोर्टातल्या केसची नावं पॉलिटीच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, नोट्समध्ये लाल पेनाने अधोरेखित करून पाठ केली होती. कलम २१ खाली अमुक केस, कलम ३९-अ खाली तमुक केस. परीक्षा सुटली, वाचायची सवय राहिली, आणि मग हळूहळू कळत गेलं की अरे, या तिन्ही केसच्या मुळाशी बातमी आहे आणि तीही एकाच पेपरची.

अजून एक गोष्ट दिसली. आपल्याकडे शोधपत्रकारिता म्हटलं की छुपा कॅमेरा, हॉटेलची खोली, नोटांची बंडलं असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण यातल्या बऱ्याचशा बातम्या तशा नाहीतच. कुणीतरी एक यादी घेतली, तिच्या शेजारी दुसरी यादी ठेवली, आणि दोन्ही वाचल्या. बस. ऐकायला एवढं कंटाळवाणं काम आहे की त्यावर कोणी पिक्चर काढणार नाही.

हुसैनआराचंच घ्या. १९७९ च्या जानेवारीत, ८ आणि ९ तारखेला, एक्स्प्रेसमध्ये के. एफ. रुस्तमजींचे लेख आले. हे रुस्तमजी म्हणजे आपल्या कामठीत जन्मलेले पारशी गृहस्थ, पोलीस अधिकारी, बीएसएफचे पहिले प्रमुख. तेव्हा ते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते आणि त्या कामात बिहारचे तुरुंग बघून आले होते. तिथे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून उभाच राहिलेला नाही असे लोक, वर्षानुवर्षं पडून होते. एका बाजूला कैदी किती वर्षं आत आहे, दुसऱ्या बाजूला त्याच्यावर जो आरोप आहे त्याला जास्तीत जास्त शिक्षा किती. कित्येकांच्या बाबतीत पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा! म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असता तरी हा माणूस एव्हाना सुटून घरी गेला असता. काही बायका तर ‘संरक्षणासाठी’ म्हणून आत ठेवलेल्या, आरोपी पण नाहीत. दिल्लीत कपिला हिंगोरानी नावाच्या वकीलबाईंनी हे वाचलं आणि त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या, त्यातून पुढे देशभरातले सुमारे ४० हजार कच्चे कैदी सुटले असं सांगतात. आपण नोट्समध्ये लिहितो ‘जनहित याचिकेची सुरुवात’ आणि पुढच्या पॉइंटवर जातो.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८० मध्ये, भागलपूर. एक्स्प्रेसचे पाटण्याचे बातमीदार अरुण सिन्हा यांनी बातमी दिली की पोलिसांनी तीसहून जास्त आरोपींचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतलंय. त्या ॲसिडला तिथे ‘गंगाजल’ म्हणायचे. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू, क्रौर्य तर आहेच, पण या आंधळ्या झालेल्या कैद्यांनी आम्हाला वकील द्या असा अर्ज बातमीच्या आधीच कोर्टात केला होता आणि त्यावर तशी तरतूद नाही असं उत्तर मिळालं होतं. म्हणजे कागद होता. सरकारी फायलीत सगळं पडलेलं होतं, फक्त त्या फायलीकडे बातमी म्हणून कोणी बघितलं नव्हतं. आणि बातमी आल्यावर भागलपूरचे लोक चिडले ते पोलिसांवर नाही, पेपरवाल्यांवर! पोलिसांच्या समर्थनार्थ मोर्चे निघाले. गुंडांचे डोळे फोडले तर तुमचं काय गेलं, असा एकूण सूर. आज एन्काउंटरच्या बातमीखालच्या कमेंट वाचल्या की वाटतं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपण जागचे हललो नाही. सुप्रीम कोर्टाने मात्र यावरच्या केसमध्ये, म्हणजे खत्री विरुद्ध बिहार राज्यमध्ये, सांगितलं की आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं करतात तेव्हापासूनच फुकट वकील मिळाला पाहिजे. आज कुणा गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो ना, त्यात या बातमीचा वाटा आहे.

आता आपल्या घरचं प्रकरण. बॅरिस्टर अंतुले.

ज्यांना आठवतं त्यांना सिमेंटचं परमिट पण आठवत असेल. सिमेंटवर तेव्हा सरकारचं नियंत्रण, भाव ठरलेला, वाटप ठरलेलं, आणि माल कमी. घर बांधायचं तर अर्ज करा, परमिटची वाट बघा, नाहीतर ब्लॅकने घ्या. आमच्या गल्लीत एकांच्या घराच्या वरच्या मजल्याच्या सळया कितीतरी वर्षं तशाच आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यावर दोरी बांधून ते कपडे वाळत घालायचे. आमच्यासारख्यांची ही तऱ्हा, मग मुंबईत टॉवर बांधणाऱ्या बिल्डरला सिमेंटची किती भूक असेल विचार करा. ज्याच्या हातात वाटपाची फाइल त्याच्या हातात मुंबई.

अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. माणूस धडाकेबाज, निर्णय फटाफट, कोकणातला पहिला मुख्यमंत्री म्हणून तिकडे अजूनही आदराने नाव घेतात. संजय गांधी निराधार योजना त्यांची. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं ते त्यांनी, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्या काळातले. हे सगळं खरं आहे, आणि याच माणसाने काही ट्रस्ट काढले हेही खरं आहे, त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. साहित्यिक-कलावंतांना मदत करायला म्हणून. आता कलावंतांच्या मदतीला कोण वाईट म्हणणार? पैसे पण भराभर जमले. बिल्डरांनी दिले, साखर कारखान्यांकडून उसाच्या टनामागे ठरावीक रक्कम आली.

३१ ऑगस्ट १९८१ ला एक्स्प्रेसच्या पहिल्या पानावर अरुण शौरींचा लेख आला, मथळा होता ‘इंदिरा गांधी ॲज कॉमर्स’. शौरी म्हणजे वर्ल्ड बँकेत काम केलेला अर्थतज्ज्ञ, बातमीदारीच्या शाळेतून आलेला माणूस नव्हेच, आणि मला वाटतं तेच कामी आलं. त्यांनी काय केलं तर ट्रस्टला देणग्या कुणी दिल्या ते एका बाजूला आणि सिमेंट कुणाला मिळालं ते दुसऱ्या बाजूला. नावं तीच. आजच्या भाषेत सांगायचं तर एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवायला व्हीलुकअप मारायचा, तो त्यांनी हाताने मारला.

आणि मग जे झालं ते महाराष्ट्राने आधी बघितलं नव्हतं. लोकसभेत गोंधळ, विधानसभेत गोंधळ, आणि इकडे जनता पक्षाचे प. बा. सामंत वगैरे मंडळी हायकोर्टात. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला की देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे, आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. (हे लेंटिन म्हणजे तेच, ज्यांनी पुढे जे. जे. हॉस्पिटलमधल्या भेसळीच्या ग्लिसरॉलने झालेल्या मृत्यूंची चौकशी केली. त्या माणसावर कुणीतरी मराठीत नीट लिहायला पाहिजे.) निकालानंतर सहाच दिवसांनी, १८ जानेवारीला, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. नवे मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले खुर्चीत बसेपर्यंत गिरण्या बंद पडल्या होत्या. आणि फेब्रुवारीच्या शेवटी केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण निम्मंशिम्मं काढून टाकलं. म्हणजे ज्या टंचाईवर हे सगळं उभं होतं तीच सैल झाली. त्याचं श्रेय बातमीला नाही देता येणार, टंचाईच इतकी झाली होती की काहीतरी करणं भागच होतं, पण टायमिंग बघा.

पुढची कोर्टातली गोष्ट मात्र कुणी फार सांगत नाही. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली ती वर्षानुवर्षं फिरत राहिली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न, आमदार हा लोकसेवक आहे का आणि त्याच्यावर खटला भरायला परवानगी लागते का. कोर्टाने नाही म्हणून सांगितलं आणि केस लवकर संपावी म्हणून हायकोर्टाकडे दिली. १९८८ मध्ये सात न्यायाधीश बसले आणि म्हणाले की ती केस हायकोर्टाकडे देणं हीच आमची चूक होती. मग डिसेंबर १९९१ चा निकाल, जो आपण नोट्समध्ये लिहितो, जलद खटला हा मूलभूत हक्क. अहो, केस कशाची होती! सिमेंट आणि देणग्यांची. आणि कायद्याच्या पुस्तकात ती राहिली आरोपीला लवकर न्याय मिळण्याच्या हक्कासाठी. शिक्षा काही झाली नाही. अंतुले नरसिंह रावांच्या सरकारात केंद्रात आरोग्यमंत्री झाले, मनमोहन सिंगांच्या काळात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले, २०१४ मध्ये गेले. पत्रकारितेवर भाषणं देताना लोक ‘एका बातमीने मुख्यमंत्री घालवला’ इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. मी म्हणतो पुढचं पण सांगा की.

सगळंच काही कौतुकाचं नाही. त्याच १९८१ मध्ये, एप्रिलमध्ये, एक्स्प्रेसचे अश्विनी सरीन यांनी एक बाई २३०० रुपयांना विकत घेतली आणि देशात बायका अशा विकल्या जातात हे पुराव्यानिशी दाखवलं. मराठी वाचकाला हे प्रकरण वेगळं सांगायला नको, विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ नाटक त्यावरूनच आलं. ही बातमी मला कधीच पचली नाही. धाडस होतं मान्य, हेतू चांगला मान्य, पण इथे यादी नाही, कागद नाही, इथे पुरावा म्हणजे एक जिवंत बाई आहे, आणि बातमी छापून आल्यावर पुराव्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. तेंडुलकरांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं आणि वर त्या पत्रकाराच्या घरातल्या बायकोकडे पण बघायला लावलं. पुढे टीव्हीवाल्यांनी जे स्टिंगचं पीक काढलं त्याचं बी मला इथे दिसतं. काही मित्रांना हे पटत नाही, ते म्हणतात तसं केलं नसतं तर कुणी विश्वास ठेवला असता का. नसता ठेवला कदाचित.

मालकाबद्दल न बोलता एक्स्प्रेसबद्दल बोलणं म्हणजे अर्धवट. रामनाथ गोएंका. आणीबाणीत २८ जून १९७५ च्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली ती गोष्ट सगळ्यांना माहितीय. आपला लोकसत्ता याच घरातला, १९४८ चा, त्यामुळे मराठी माणसाला हे घर परकं नाही. पण गोएंका काही साधुसंत नव्हते, राजकारणात पुरते बुडालेले होते, कोणाला पाडायचं कोणाला चढवायचं यात त्यांना भलता रस. १९८६ च्या सुमारास एस. गुरुमूर्तींनी रिलायन्सवर जी मालिका लिहिली ती कागदपत्रांनी भरलेली होती, आणि ती मालकाच्या अंबानींशी असलेल्या भांडणातून पण आली होती, दोन्ही एकाच वेळी खरं. त्याची किंमतही मोजली, १९८७ मध्ये गुरुमूर्तींना अटक झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशभरातल्या एक्स्प्रेसच्या ऑफिसांवर धाडी पडल्या. आणि ज्या शौरींनी पेपरला एवढं नाव मिळवून दिलं त्यांना याच गोएंकांनी १९८२ मध्ये काढलं, काही वर्षांनी परत आणलं आणि १९९० मध्ये पुन्हा काढलं! असा मालक परवडतो का? माझं मत विचाराल तर ज्याला सरकारी जाहिरात बंद झाली तर चालेल, धाड पडली तर चालेल असा हट्टी माणूस वर बसल्याशिवाय खालचा बातमीदार दोन-दोन महिने एक यादी घेऊन बसू शकत नाही. पण तोच हट्ट संपादकाच्याही मानेवर बसतो. गोएंका १९९१ मध्ये गेले, पेपर घरात वाटला गेला, दक्षिणेतला न्यू इंडियन एक्स्प्रेस वेगळा झाला.

त्यानंतर यादीची पद्धत काही सुटली नाही. २००२ मध्ये पेट्रोल पंप कुणाकुणाला मिळाले ती यादी काढली आणि तिच्यात सत्ताधाऱ्यांचे कार्यकर्ते, नातेवाईक शोधले. वाजपेयींनी ऑगस्टमध्ये सरसकट तीन हजारांहून जास्त वाटपं रद्द करून टाकली, आणि गंमत म्हणजे त्या मंत्रिमंडळात अरुण शौरी मंत्री होते. सरसकट रद्द करणं सुप्रीम कोर्टाला पटलं नाही, त्यांनी डिसेंबरमध्ये तो निर्णय फिरवला आणि पेपरात आलेली चारशेच्या वर प्रकरणं तेवढी तपासायला समिती नेमली. म्हणजे जो बिचारा खरोखर नियमाने पंप मिळवून बसला होता तो वाचला. सरकारला जे जमलं नाही ते, सुक्याबरोबर ओलं न जाळणं, कोर्टाने केलं.

२००५ चं सारिस्का माझं आवडतं. जय मजुमदार यांनी जानेवारीत लिहिलं की राजस्थानच्या सारिस्का अभयारण्यात वाघ दिसतच नाहीयेत. कागदावर डझनापेक्षा जास्त. जंगलात शून्य. नुसती वनखात्याची गणना आणि वाघ खरंच कुणाला कधी दिसला हे शेजारी ठेवलं. सीबीआय आली, टास्क फोर्स बसला, शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते हे बाहेर आलं, पुढच्या वर्षी व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सोडले. ताडोब्याला जिप्सीत बसून वाघाचे फोटो काढणाऱ्यांनी हे वाचावं, कारण आज आपण कॅमेरा ट्रॅप लावून वाघ मोजतो आणि पगमार्कवर, म्हणजे पंजाच्या ठशांवर, विसंबत नाही, त्यामागे सारिस्काचा मोठा धक्का आहे.

पनामा पेपर्सबद्दल खूप लिहून आलंय म्हणून थोडक्यात. एप्रिल २०१६, एका जर्मन पेपरला मिळालेली परदेशात काढलेल्या कंपन्यांची १ कोटी १५ लाख कागदपत्रं, जगभरच्या पत्रकारांनी वाटून वाचली, भारतातून हे काम एक्स्प्रेसकडे. पाकिस्तानात नवाझ शरीफांची खुर्ची गेली, आइसलँडच्या पंतप्रधानाचीही गेली. आपल्याकडे नोटिसा गेल्या.

आणि मग २०२४. निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेकडून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायची सोय. १५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने योजना घटनाबाह्य ठरवली आणि स्टेट बँकेला सांगितलं की माहिती द्या. बँक म्हणाली ३० जूनपर्यंत वेळ द्या, कारण रोखे कुणी घेतले ही माहिती एकीकडे आणि कुठल्या पक्षाने वटवले ही दुसरीकडे, जुळवायला वेळ लागेल. मी ते वाचून घरात एकटाच मोठ्याने हसलो, कारण हे तर चाळीस वर्षांपूर्वी हाताने करून झालं होतं. कोर्टाने वेळ दिला नाही. आधी दोन सुट्या याद्या आल्या, नंतर २१ मार्चला प्रत्येक रोख्याच्या नंबरासकट आल्या, आणि त्या रात्री एक्स्प्रेससकट सगळे पेपर, वेबसाइट, आणि ज्यांना एक्सेल येतं असे घरबसले लोकसुद्धा जुळवत बसले होते. सकाळपर्यंत कुठल्या कंपनीने कुणाला किती दिले ते मोबाइलवर. ज्या कामाला बँकेला जवळपास चार महिने हवे होते ते कॉलेजच्या पोरांनी एका रात्रीत केलं.

एक्स्प्रेसने आणि इतरांनी मग पुढची यादी शेजारी ठेवली, धाड कधी पडली आणि रोखा कधी घेतला. कंत्राट कधी मिळालं आणि रोखा कधी घेतला. तारखा कधी मागे कधी पुढे. यात सावध राहायला पाहिजे हेही खरं, दोन तारखा जवळ आल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असं नाही, मोठ्या कंपनीला दर महिन्याला कुठलंतरी कंत्राट मिळतच असतं. त्यासाठी तपास लागतो. काही लोक एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमा म्हणून सुप्रीम कोर्टात गेले. २ ऑगस्ट २०२४ ला कोर्टाने सांगितलं की नुसत्या अंदाजावर अशी सरसकट चौकशी आम्ही लावणार नाही, ज्याला तक्रार आहे त्याने नेहमीच्या कायदेशीर मार्गाने जावं.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही, माझा एक वकील मित्र तर ठामपणे म्हणतो की बरोबरच आहे, आणि त्याच्याशी यावरून माझं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो नेहमीचा मार्ग म्हणजे पोलीस स्टेशन, जा आणि तक्रार दे. मी म्हणतो चल, दोघं जाऊ. अजून गेलेलो नाही. दोन्ही याद्या मात्र मी उतरवून ठेवल्यात, अधूनमधून उघडतो, आमच्या भागातल्या उड्डाणपुलाच्या बोर्डावर जे कंपनीचं नाव आहे ते शोधून बघतो, आणि नाव सापडलं तर कुठल्या महिन्यात ते.